अमेरिकेत जड डिझेल पिकअप घेताना : आधी वजन, मग गाडी

आपल्या वाचकांत ट्रान्सपोर्ट, गॅरेज, बॉडी बांधणी आणि स्पेअर पार्टच्या धंद्यातले लोक बरेच आहेत. त्यांना ‘पासिंग’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. गाडी किती टन ओढू शकते हा एक प्रश्न आणि ती किती टनाला पास आहे हा दुसरा. इंजिन ओढते म्हणून माल भरत जाणारा मालक शेवटी पाटे, टायर आणि एक्सलच्या बिलांत आपला नफा घालवतो. कधी एखाद्या घाटात त्याहून मोठी किंमत मोजतो.

हीच चूक अमेरिकेत घरगुती गिऱ्हाईक रोज करीत असते, आणि तीही साठ हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत किमतीची गाडी घेताना. ज्यांचे नातेवाईक तिकडे स्थायिक आहेत त्यांना हा विषय उपयोगी पडेल. ज्यांचे नाहीत त्यांनाही वाचण्यासारखा आहे, कारण मशीन खरेदीचा हिशेब सगळीकडे एकच असतो.

चाकांवरचे घर

अमेरिकेत सुट्टीत किंवा निवृत्तीनंतर ‘कॅम्पर’ घेऊन देश फिरण्याची मोठी हौस आहे. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे घर. त्यात पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-न्हाणी, पाण्याच्या टाक्या, गॅस, एअरकंडिशनर असे सर्व काही असते. काही कॅम्परना स्वतःचे इंजिन असते. परंतु मोठ्या संख्येने विकले जातात ते इंजिन नसलेले, मागे जोडून ओढायचे.

ओढायच्या कॅम्परचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार गाडीच्या मागच्या हुकाला जोडतात. दुसरा, मोठा प्रकार म्हणजे ‘फिफ्थ व्हील’. हे नाव आपल्या ट्रेलर ड्रायव्हरांना परिचित आहे. कंटेनर ओढणाऱ्या घोड्यावर जी गोल तबकडी असते आणि जिच्यात ट्रेलरची किंग पिन अडकते, तीच पद्धत येथे लहान आकारात वापरतात. तबकडी पिकअपच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या जवळपास वर बसवतात. त्यामुळे ट्रेलर रस्त्यावर झुलत नाही. पण ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा थेट पिकअपच्या पाठीवर येतो. साऱ्या गोंधळाचे मूळ याच हिश्शात आहे.

अर्धा टन, पाऊण टन, एक टन

अमेरिकन माणूस पिकअपला आजही अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशा जुन्या नावांनी ओळखतो. एके काळी ही नावे हौद्यात किती माल मावेल यावरून पडली. आता त्यांचा खऱ्या मालाशी संबंध राहिलेला नाही. एक टनी म्हणवणारी गाडी दोन-अडीच टनही सहज घेते. फोर्डची एफ-२५०, रॅमची २५०० आणि शेवरले व जीएमसीची २५०० या पाऊण टनी. एफ-३५० आणि दोन्हीकडच्या ३५०० या एक टनी. मोठा कॅम्पर ओढायचा तर गिऱ्हाईक याच दोन वर्गांत हिंडते.

दोन्ही वर्गांत इंजिन बहुधा तेच असते, केबिन तीच, बाहेरून ओळखूही येत नाही. फरक असतो तो मागच्या बाजूला, म्हणजे पाटे, एक्सल, टायर आणि मंजूर एकूण वजन यांत. रॅमच्या पाऊण टनी गाडीला तर २०१४ च्या मॉडेलपासून मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी गाडी त्यामुळे मऊ चालते, पण पाठीवर भार आला की ती लवकर बसते.

पाऊण टनी गाड्यांत एक आकडा पुनःपुन्हा दिसतो. मंजूर एकूण वजन दहा हजार पौंड, म्हणजे ४५३६ किलो. अमेरिकेत वाहनांचे वर्ग ठरवताना दहा हजार पौंडांवर रेघ ओढलेली आहे. त्या रेषेच्या वर गेले की काही राज्यांत नोंदणीचे आणि धंद्यासाठी गाडी वापरणाऱ्यांना इतर नियम बदलतात. म्हणून कारखानदार कागदावर गाडी रेषेच्या आत ठेवतात. डिझेल इंजिन, चार दारांची केबिन आणि फोर व्हील ड्राइव्ह असलेली अशी गाडी रिकामीच साडेसात-आठ हजार पौंडांच्या घरात जाते. मग माणसे, सामान आणि ट्रेलरचा पाठीवरचा भार या सर्वांसाठी उरतात साधारण दोन ते अडीच हजार पौंड.

इंजिनांची शर्यत

या बाजाराला खरी गती १९८९ च्या मॉडेलपासून आली. डॉज कंपनीने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन बसवले. ताकद १६० हॉर्सपॉवर आणि टॉर्क ४०० पौंड-फूट. आपल्याकडच्या लोकांना हे घराणे नवे नाही. कमिन्सचा पुण्याशी संबंध १९६२ पासूनचा, किर्लोस्कर कमिन्सच्या स्थापनेपासूनचा आहे. आणि ज्या ‘बी’ मालिकेतले हे इंजिन आहे, त्याच मालिकेची इंजिने टाटांच्या ट्रकांसाठी टाटा कमिन्सने जमशेदपूरला व पुढे सातारा जिल्ह्यातील फलटण येथे बनवली. महामार्गावर ज्याचा आवाज आपण ऐकतो त्याचाच हा चुलतभाऊ.

फोर्डने १९९४ मध्ये नेव्हिस्टारने बनवलेले ७.३ लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ आणले. जनरल मोटर्सने २००१ मध्ये जपानच्या इसुझूबरोबर ६.६ लिटरचे ‘ड्युरामॅक्स’ आणले. तेव्हापासून तिघांची चुरस चालू आहे. फोर्डच्या २०२३ च्या जादा ताकदीच्या इंजिनाने ५०० हॉर्सपॉवर आणि १२०० पौंड-फूट टॉर्क गाठला. रॅमचे २०२५ चे इंजिन ४३० हॉर्सपॉवर आणि १०७५ पौंड-फूट टॉर्क देते. म्हणजे पस्तीस वर्षांत टॉर्क अडीच ते तीन पट झाला.

म्हणून आज मोठ्या डिझेल पिकअपमध्ये इंजिन कमी पडण्याचा प्रश्न क्वचितच येतो. कमी पडते ती पाठ. जाहिरात मात्र इंजिनाचीच असते.

जाहिरातीतला आकडा कुठून येतो

फोर्डच्या एफ-४५० पिकअपला चाळीस हजार पौंड ओढण्याची क्षमता जाहीर केलेली आहे. रॅम व जनरल मोटर्सचे सर्वात वरचे आकडे छत्तीस हजारांच्या आसपास आहेत. हे आकडे खोटे नाहीत. त्यांच्या चाचणीची ठरलेली पद्धत आहे. अॅरिझोना राज्यात डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळ्यासारख्या उष्णतेत, एअरकंडिशनर पूर्ण चालू ठेवून चढायचा. मागे एकेरी चाके असलेल्या गाडीने वेग ताशी ४० मैलांच्या खाली आणि दुहेरी चाकांच्या गाडीने ३५ च्या खाली येऊ द्यायचा नाही.

पण हा आकडा ज्या गाडीला मिळतो ती बहुतेक वेळा कमीत कमी सजावटीची, विशिष्ट डिफरन्शियल रेशोची असते. तिच्यात प्रत्येकी दीडशे पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. गिऱ्हाईक प्रत्यक्षात घेते ती मोठ्या केबिनची, चामड्याच्या खुर्च्यांची, काचेच्या छताची गाडी. प्रत्येक सोयीचे वजन असते, आणि ते वजन पाठीवरच्या क्षमतेतून वजा होते. गाडी जितकी महाग आणि शाही, तितकी तिची माल घेण्याची ताकद कमी. ही गोष्ट विक्रेता सहसा आपण होऊन सांगत नाही.

मग खरा आकडा कुठे मिळतो? ड्रायव्हरचे दार उघडले की खांबावर पिवळा-पांढरा लहान कागद चिकटवलेला असतो. ‘माणसे व सामान यांचे एकत्र वजन इतक्याच्या वर जाऊ नये’ असे त्यावर छापलेले असते. तो आकडा त्या मॉडेलसाठी सरसकट नसतो, त्या एका गाडीसाठी असतो. दहा हजार पौंडांच्या वरच्या गाड्यांना हा कागद सक्तीचा नाही. तेथे दुसऱ्या लेबलवरील मंजूर एकूण वजनातून गाडीचे प्रत्यक्ष वजन वजा करावे लागते. म्हणून सौद्याआधी तिला काट्यावर नेणे उत्तम. अमेरिकेत हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात आणि थोड्या डॉलरांत प्रत्येक एक्सलचे वेगवेगळे वजन छापून मिळते.

एक हिशेब

समजा, टेक्सासमधील चार माणसांच्या कुटुंबाला एक फिफ्थ व्हील कॅम्पर पसंत पडला आहे. माहितीपत्रकात त्याचे वजन अकरा हजार पौंड दिले आहे. हे झाले रिकामे वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही, भांडी-कपडे नाहीत. एक गॅलन पाण्याचेच वजन सव्वाआठ पौंड भरते; साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे पौंड वाढले. घर भरताना मोजून कोणी भरत नाही. म्हणून हिशेब नेहमी कॅम्परच्या मंजूर पूर्ण वजनावर करावा. ते चौदा हजार पौंड धरू.

फिफ्थ व्हीलमध्ये पूर्ण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिनेवर येतो. २० टक्के धरले तर २८०० पौंड. हौद्यातल्या तबकडीचे २०० पौंड. चार माणसांचे ६५० पौंड. हत्यारे, जॅक, जनरेटर, मुलांच्या सायकली यांचे २५० पौंड. बेरीज ३९०० पौंड.

आता दारावरचा कागद पाहा. पाऊण टनी डिझेल गाडीवर २३०० पौंड लिहिलेले असेल, तर ती १६०० पौंडांनी ओव्हरलोड झाली. त्याच गाडीच्या जाहिरातीत मात्र सतरा-अठरा हजार पौंड ओढण्याची क्षमता सांगितलेली असू शकते, आणि ते चौदा हजारांहून अधिक म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त असते. एकेरी चाकांची एक टनी गाडी साधारण चार हजार पौंड घेते. म्हणजे तीही काठोकाठ भरली. दुहेरी चाकांची एक टनी गाडी साडेपाच हजारांच्या आसपास घेते आणि तेथे हिशेब मोकळेपणाने बसतो.

हा फरक कागदावरचा नाही. जास्त भाराने मागचे टायर तापतात आणि उन्हाळ्यात फुटतात. गाडीचे नाक वर उचलले जाते, स्टिअरिंग हलके पडते आणि पुढच्या चाकांचा ब्रेक कमी धरतो. अपघात झाला तर गाडी मंजूर वजनाच्या वर होती हा मुद्दा कोर्टात मालकाच्या विरुद्ध जाऊ शकतो. मागे बायको-मुले बसलेली असतात, हे वेगळे सांगायला नको.

एकेरी चाके की दुहेरी

दुहेरी चाकांच्या गाडीला तेथे ‘ड्युअली’ म्हणतात. मागे चार चाके असल्यामुळे ती भार अधिक घेते आणि आडव्या वाऱ्यात स्थिर राहते. पण ती मागे आठ फूट रुंद असते. बाजाराच्या पार्किंगमध्ये मावत नाही, घरच्या गॅरेजमध्ये शिरत नाही आणि टायर बदलायचे तर सहा बदलावे लागतात. गाडी वर्षातून अकरा महिने ऑफिसला जाण्यासाठीच वापरायची असेल, तर दुहेरी चाके घेण्यापेक्षा कॅम्पर लहान घेणे शहाणपणाचे. पाऊण टनी आणि एकेरी चाकांची एक टनी यांच्या किमतीत मात्र फार फरक नसतो. तेथे काटकसर करू नये.

हौद्याची लांबीही पाहावी. आठ फुटी हौद्यावर वळताना कॅम्परचा कोपरा केबिनला लागत नाही. साडेसहा फुटांच्या हौद्यावर सरकणारी तबकडी बसवावी लागते, आणि ती वजनाने व किमतीने जड पडते.

डिझेल की पेट्रोल

डिझेल इंजिनासाठी पेट्रोलपेक्षा सुमारे दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. ‘डिझेल स्वस्त पडते’ असे म्हणून घेणाऱ्याने आधी आकडेमोड करावी. वर्षाला पाच हजार मैल कॅम्पर ओढला, डिझेलने गॅलनला दहा मैल दिले आणि पेट्रोलने साडेसात, असे धरू. डिझेल लागेल ५०० गॅलन, पेट्रोल ६६७. डिझेलचा भाव पावणेचार डॉलर आणि पेट्रोलचा सव्वातीन धरला, तर खर्च अनुक्रमे १८७५ आणि २१६७ डॉलर. बचत वर्षाला तीनशे डॉलरही नाही. शिवाय डिझेलला एका वेळी नऊ ते बारा लिटर ऑइल लागते, फिल्टर महाग असतात आणि युरियाचे द्रव वेगळे भरावे लागते. विकताना काही रक्कम परत मिळते, पण नुसत्या इंधनातून दहा हजार वसूल होत नाहीत.

मग डिझेल घ्यायचे कशाला? डोंगरासाठी. कोलोरॅडोत सत्तर क्रमांकाचा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्याजवळ अकरा हजार फुटांच्या वर जातो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद उंचीबरोबर घटत जाते. टर्बो डिझेलची तितकी घटत नाही. उतरताना तर एक्झॉस्ट ब्रेक हाच खरा सोबती. सात टक्क्यांच्या लांब उतारावर सहा-सात टनांचे घर मागून रेटत असताना पायाचा ब्रेक थंड ठेवणे म्हणजे काय, हे खंडाळा किंवा कसारा घाट उतरणाऱ्या ड्रायव्हराला विचारावे. ज्याचा प्रवास सपाट मुलखातला आहे आणि कॅम्पर मध्यम आहे, त्याला फोर्डच्या ७.३ लिटर पेट्रोल इंजिनासारखी निवड पुरेशी आहे. त्यात वाचलेल्या पैशांतून तो एक टनी गाडी घेऊ शकतो.

जुनी गाडी घेताना

नव्या गाडीचे भाव पाहून बरेच लोक जुन्याकडे वळतात. तेथे काही वर्षे लक्षात ठेवावीत. फोर्डच्या २००३ ते २००७ या काळातील ६.० लिटर इंजिनाने हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरच्या तक्रारींमुळे इतके नाव घालवले की फोर्ड आणि नेव्हिस्टार यांचा वॉरंटीच्या खर्चावरून कोर्टात वाद झाला. बॉशचा ‘सीपी-४’ हा उच्च दाबाचा पंप फोर्डमध्ये २०११ पासून, जनरल मोटर्समध्ये २०११ ते २०१६ आणि रॅममध्ये २०१९-२० या मॉडेलांत आला. हा पंप आतून झिजला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत साऱ्या लाइनमध्ये पसरतो आणि दुरुस्ती दहा हजार डॉलरच्या घरात जाऊ शकते. रॅमने २०२१ मध्ये दोन लाखांहून अधिक ट्रक याच कारणाने परत बोलावले. चेसिस नंबरावरून असे काम झाले आहे की नाही हे सरकारी यंत्रणेकडे फुकट तपासता येते.

दुसरी बाब धुराची. २००७ पासून काजळीचा फिल्टर आणि २०१० नंतरच्या मॉडेलांत क्रमाने युरियाचे द्रव आले. हे द्रव संपले की गाडी आधी इशारा देते व पुढे वेग घटवते. ही शिक्षा सौम्य करण्याबाबत अमेरिकी पर्यावरण खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कारखानदारांना मार्गदर्शन केले. काही मालक ही सारी यंत्रणाच काढून टाकतात. अशी छेडछाड तेथील स्वच्छ हवा कायद्याविरुद्ध आहे. धूर तपासणी असलेल्या राज्यांत अशी गाडी अडकते आणि यंत्रणा पुन्हा बसवण्याचा खर्च हजारोंत जातो. कारखानदारही यातून सुटलेले नाहीत. रॅमच्या २०१३ ते २०२३ च्या सुमारे नऊ लाख साठ हजार ट्रकांतील इंजिनांबाबत कमिन्सने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केले. आपण गैर वागल्याचे मात्र कंपनीने कबूल केले नाही.

तिसरी बाब तासांची. या गाड्यांत इंजिन किती तास चालले याचाही मीटर असतो. एक लाख मैल आणि पाच हजार तास, म्हणजे सरासरी वेग ताशी वीस मैल. ही गाडी बराच काळ उभ्या जागी चालू होती. मैल कमी दिसले तरी इंजिन झिजलेले असते. याशिवाय उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तेथील गाडीची चेसिस खाली वाकून पाहावी. आणि इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल, तर कारण विचारावे.

लायसन

कॅम्पर घरगुती असला तरी साधे लायसन दरवेळी चालत नाही. टेक्सासमध्ये गाडी व ट्रेलर मिळून मंजूर वजन २६ हजार पौंडांच्या वर गेले आणि त्यात ट्रेलर दहा हजारांहून जड असला, तर ‘ए’ वर्गाचे खासगी लायसन लागते. कॅलिफोर्नियात पंधरा हजार पौंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलला तसेच लायसन लागते. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. गाडी दारात आल्यावर तो वाचण्यात अर्थ नाही.

खरेदीचा क्रम

बहुतेक लोक आधी गाडी घेतात, कारण गाडी रोज मिरवता येते. मग कॅम्पर पाहायला जातात आणि घरच्यांना पसंत पडतो तो गाडीला जड होतो. मग दोन वर्षांत गाडी बदलावी लागते. नवी गाडी दुकानाबाहेर पडताच तिची किंमत उतरते, तेव्हा या एका उलट्या क्रमाचा तोटा दहा-पंधरा हजार डॉलरवर जाऊ शकतो.

क्रम असा असावा. प्रथम कॅम्पर ठरवावा. त्याचे मंजूर पूर्ण वजन लिहून घ्यावे. त्याचा पाचवा हिस्सा काढावा, त्यात माणसे, तबकडी आणि सामान मिळवावे. ती बेरीज खिशात ठेवून दुकानात जावे आणि रंग, खुर्च्या, इंजिन यांच्याआधी दार उघडून कागद वाचावा. आकडा बेरजेपेक्षा मोठा असेल तरच भावाची गोष्ट काढावी. तो जेमतेम असेल तर एक पायरी वर जावे, कारण संसाराचे सामान वाढते, घटत नाही. आणि सौदा झाल्यावर पहिल्या प्रवासाला भरलेल्या घरासह काट्यावर जाऊन वजन करून घ्यावे.

यात अमेरिकेपुरते असे फारसे काही नाही. उसाची ट्रॉली असो, वाळूचा डंपर असो की चाकांवरचे घर असो, पुढे ओढण्याची ताकद विकली जाते आणि मागे भार सोसण्याची ताकद लागते. जाहिरातीतला आकडा विकणाऱ्याच्या कामाचा असतो. घेणाऱ्याच्या कामाचा आकडा दारावर लिहिलेला असतो, आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत.